स्पोर्ट्स कार घेताय? ड्युअल क्लच की टॉर्क कन्व्हर्टर, कसं ठरवायचं ते पायरीपायरीने

स्पोर्ट्स कारचं ब्रोशर उघडलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल दोनच आकडे ठळक दिसतात, गिअर किती आणि ते किती मिलिसेकंदात बदलतात, आणि पहिल्यांदा अशी गाडी घेणारा माणूस तिथेच अडकतो. मला विचाराल तर तो मिलिसेकंदांचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं की गाडी ताशी १५ किलोमीटरच्या खाली कशी चालते, कारण त्याच्या वर आजचे चांगले ड्युअल क्लच आणि चांगले टॉर्क कन्व्हर्टर इतके जवळ आलेत की बहुतेकांना फरक शोधावा लागतो, आणि त्याच्या खाली मात्र दोघं अजूनही पूर्ण वेगळ्या जातीचे आहेत. क्लच म्हणजे काय एवढं माहीत असेल तर पुढचं सगळं समजेल.

पायरी १: आत काय चाललंय ते समजून घ्या

इंजिन बंद न पडता गाडी थांबवायची तर इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये कुठेतरी सांधा सुटायला हवा. मॅन्युअलमध्ये ते काम तुमचा डावा पाय करतो. या दोन ऑटोमॅटिकमध्ये मुख्य फरक आहे तो याच सांध्याचा, आणि मग गिअर कसे मांडलेत त्याचा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हा सांधा तेलाचा असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो, तसंच, फक्त हवेच्या जागी तेल. इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, समोरचा टर्बाइन त्या तेलाने फिरतो आणि गिअरबॉक्सला फिरवतो, आणि दोघांच्या मध्ये स्टेटर असतो जो परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतो. खरी करामत या स्टेटरची, त्याच्यामुळे गाडी जागेवरून हलताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढून पुढे जातो, साधारण दुपटीच्या आसपास. हरमान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, गाड्यांमध्ये ती नंतर आली.

तेलाचा सांधा म्हटला की थोडी घसरण आलीच, आणि ती ताकद उष्णता होऊन वाया जाते. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन ओरडतंय आणि गाडी मागून निवांत येतेय असं जे वाटायचं ते त्यामुळेच. आता आत लॉकअप क्लच असतो, गाडी हलली की तो लगेच इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडून टाकतो आणि तेलाचं काम संपतं, म्हणजे आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये कन्व्हर्टर खऱ्या अर्थाने कामाला असतो तो निघताना आणि अगदी हळू चालताना. मागे प्लॅनेटरी गिअरचे संच असतात, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारे गिअर. झेडएफ कंपनीचा ८एचपी हा २००९ पासूनचा गिअरबॉक्स घ्या, त्यात चार प्लॅनेटरी संच आणि त्यांना पकडणारे-सोडणारे पाच घटक आहेत, कुठल्याही गिअरमध्ये त्यातले फक्त दोन सुटे असतात, त्यामुळे आत घर्षण कमी आणि बदल चटकन.

ड्युअल क्लच म्हणजे मुळात मॅन्युअलसारखाच गिअरबॉक्स, फक्त एकात दोन कोंबलेले. एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६, ८, आणि त्यांचे शाफ्ट एकमेकांच्या आतून गेलेले, बाहेरचा पोकळ. तुम्ही तिसऱ्यात जोरात चाललाय तेव्हा दुसऱ्या शाफ्टवर चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, मग बदल म्हणजे काय तर एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. पोर्शेने ८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसकारमध्ये हे वापरलं, ऑडीनेही त्याच काळात क्वाट्रो रॅली कारमध्ये, पण कंट्रोल करणारे कॉम्प्युटर तेव्हा कच्चे होते म्हणून रस्त्यावरच्या गाडीत यायला २००३ उजाडलं, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये. मग २००७ ला निसान जीटी-आर, २००८ ला पोर्शे ९११ आणि बीएमडब्ल्यू एम३, आणि त्यानंतर रांगच लागली.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. ड्युअल क्लचमध्ये हळू चालताना क्लचच घासत असतो, अगदी तुम्ही मॅन्युअलमध्ये अर्धा क्लच दाबून रेंगाळता तसा, आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते घासणं तेल सोसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पायरी २: गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे ते शोधून काढा

स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल दिसले म्हणजे ड्युअल क्लच, असं समजू नका, ही नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत. पॅडल कुठल्याही गिअरबॉक्सला लावता येतात. विशेषतः जुनी गाडी बघताय तर तिसराच प्रकार समोर येऊ शकतो, एकच क्लच असलेला ऑटोमेटेड मॅन्युअल. फेरारी ३६० आणि एफ४३० मधला एफ१ गिअरबॉक्स, बीएमडब्ल्यू ई४६ एम३ चा एसएमजी, लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर, आणि २०२२ पर्यंत बनत असलेली लॅम्बोर्गिनी अॅव्हेंटाडोर, या सगळ्या सिंगल क्लच. प्रत्येक बदलाला ताकद तुटते, डोकं पुढे जाऊन मागे येतं, काहींना तोच रांगडेपणा आवडतो आणि मला त्यात काही चूक वाटत नाही, पण ड्युअल क्लच समजून घेतली तर निराशा पक्की.

आणखी एक मधला प्रकार मर्सिडीजच्या एएमजीचा, एमसीटी नावाचा. मागे नेहमीचे प्लॅनेटरी गिअर, पण पुढे टॉर्क कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला एक क्लच. गंमत म्हणजे २०१४ ची एएमजी जीटी ड्युअल क्लचवाली होती आणि २०२३ ला आलेली दुसरी पिढी ९ गिअरच्या एमसीटीवर गेली.

नावांनी गोंधळू नका, प्रत्येक कंपनीचं बारसं वेगळं. डीएसजी, एस ट्रॉनिक, पीडीके, एम डीसीटी हे ड्युअल क्लच. टिपट्रॉनिक, स्टेपट्रॉनिक ही नावं बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरची, पण स्टेपट्रॉनिक काही छोट्या बीएमडब्ल्यूत ड्युअल क्लचलाही लावलेलं आहे. म्हणून नावावर न जाता मॉडेल आणि वर्षाचं तांत्रिक पत्रक काढा आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा. ड्युअल क्लच असेल तर ड्राय की वेट हेही बघा. ड्राय म्हणजे उघड्या हवेत चालणारा क्लच, कमी टॉर्कच्या गाड्यांसाठी, फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय युनिटची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये वेट असतो, तेल त्याला थंड ठेवतं.

पायरी ३: कंपन्यांनी काय निवडलं आणि का, ते बघा

पोर्शेचंच उदाहरण घ्या, एकाच घरात दोन्ही नांदतात. ९११ आणि पॅनामेराला पीडीके, कायेन या एसयूव्हीला ८ गिअरचा टिपट्रॉनिक एस. कायेन साडेतीन हजार किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू शकते, आणि जड ओझं घेऊन चढावर इंचाइंचाने निघायचं हे काम तेलाच्या सांध्याने करणंच शहाणपणाचं. तीच कंपनी, तेच इंजिनिअर, फक्त काम वेगळं.

बीएमडब्ल्यूने उलटा प्रवास केला. २००८ पासून एम३, मग एम५, एम२ असं सगळीकडे ड्युअल क्लच आणला आणि पुढच्या पिढ्यांमध्ये एकेक करत ८ गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवर परत आली. कारण सरळ आहे, ८एचपी तोपर्यंत इतका चटपटीत झाला होता की वेगाचा फायदा उरला नाही आणि टॉर्क वाढवायला, रोजच्या वापरात मऊ चालवायला तो सोपा. त्याच काळात शेव्हरले नेमकी दुसऱ्या दिशेने गेली. कॉर्व्हेट सी७ मध्ये ८ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता, २०२० च्या सी८ मध्ये इंजिन सीटच्या मागे गेलं आणि ट्रेमेक कंपनीचा ८ गिअरचा ड्युअल क्लच आला, मॅन्युअल तर दिलाच नाही.

मग बरोबर कोण? माझ्या मते दोघंही, आणि त्याचं उत्तर इंजिन कुठे बसलंय यात बरंचसं आहे. पुढे लांब इंजिन, मागे चाकांना ताकद, अशी मांडणी असेल तर ८एचपी दोन सीटच्या मधल्या, गाडीच्या तळातल्या बोगद्यात छान बसतो, सुप्रा, जॅग्वार एफ-टाइप, अल्फा रोमिओ जुलिया क्वाड्रिफोलिओ सगळ्यांनी तोच घेतला. इंजिन मध्यभागी असेल तर गिअरबॉक्स आणि डावी-उजवी चाकं फिरवणारं डिफरेन्शियल एकत्र एका आखूड डब्यात कोंबावे लागतात, तिथे शेजारी-शेजारी शाफ्ट असलेला ड्युअल क्लच सोयीचा, फेरारी, मॅक्लारेन, लॅम्बोर्गिनी हुराकान बघा. म्हणजे पुष्कळदा तुम्ही गाडी निवडली की गिअरबॉक्स तिच्याबरोबर येतोच, तुमच्या हातात एवढंच उरतं की तो तुमच्या वापराला झेपेल का हे तपासणं. मस्टँगसारख्या एखाद्याच नावात दोन्ही सापडतात, जीटीला १० गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि २०२० च्या शेल्बी जीटी५०० ला ७ गिअरचा ड्युअल क्लच.

पायरी ४: तुमचा वापर कागदावर लिहा

खरंच लिहा, डोक्यात ठेवलं की आपण मनातल्या मनात स्वतःला रोज ट्रॅकवर बघतो. रोज किती वेळ गर्दीत जातो, पार्किंग चढावर आहे का, गाडी दुसरं कोणी चालवणार का, ट्रॅकवर जाणार का, जोडून काही ओढणार का. गर्दी आणि चढ जास्त असेल तर टॉर्क कन्व्हर्टरकडे झुका, मोकळे वळणदार रस्ते आणि ट्रॅक जास्त असेल आणि पॅडल ओढताक्षणी गिअर पडण्यात तुम्हाला आनंद असेल तर ड्युअल क्लच. दोन्ही अर्धं-अर्धं असेल तर पुढची पायरी नीट करा, निर्णय तिथेच होईल.

पायरी ५: टेस्ट ड्राइव्ह, आणि सुरुवात हळू

शोरूममधून निघाल्या निघाल्या मोकळ्या रस्त्याकडे पळू नका, सेल्समन तिकडेच नेईल. आधी एखादा सौम्य चढ शोधा. गाडीचं तोंड वर करून थांबा, डी मध्ये, पाय ब्रेकवर. आता ब्रेक सोडा आणि अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका. टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी तिथेच उभी राहील किंवा सावकाश पुढे सरकेल, आवाज नाही, थरथर नाही. ड्युअल क्लचमध्ये हिल होल्ड, म्हणजे चढावर आपोआप ब्रेक धरणारी सोय, गाडी एक-दोन सेकंद धरून ठेवेल आणि मग क्लच हळूहळू पकड घ्यायला लागेल, त्या क्षणी सीटच्या तळातून काय येतं ते नीट अनुभवा. चांगल्या युनिटमध्ये काहीच येत नाही. सीटमधून बारीक थरथर आली, म्हणजे क्लच धरतोय-सोडतोय-धरतोय, तर तो जडर, नव्या गाडीत ट्यूनिंगचा आणि जुन्या गाडीत बहुतेकदा घासलेल्या क्लचचा किंवा संपलेल्या तेलाचा.

मग पार्किंग. पुढे-मागे, डी-आर-डी-आर, चार-पाच वेळा, आणि जमलं तर चाकाखाली फरशीची एखादी छोटी कड येऊ द्या. हा माझा आवडता टेस्ट आहे कारण इथे लपवता येत नाही. ड्युअल क्लचला कड चढायला थोडं जास्त अॅक्सिलरेटर लागतं आणि चाक वर आलं की गाडी जराशी उडी घेते, मागे भिंत एक फुटावर असेल तर ती उडी नको वाटते. टॉर्क कन्व्हर्टर ती कड ब्रेकवर पाय ठेवूनच ओलांडतो.

त्यानंतर गर्दीतली चाल, ताशी ५ ते १५, पहिला-दुसरा-पहिला. पाय पूर्ण उचलून गाडी आपोआप मंदावू द्या आणि दुसऱ्यातून पहिल्यात जाताना ठक असा धक्का येतो का बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताशी १० पर्यंत मंदावून थांबणार-थांबणार असं करा आणि अचानक अर्धं अॅक्सिलरेटर द्या, जसं आपण चौकात गॅप दिसली की करतो. ड्युअल क्लचचा कॉम्प्युटर तेव्हा क्लच सोडायच्या तयारीत असतो, कुठला गिअर लावून ठेवायचा याचा त्याचा अंदाज चुकलेला असतो, मग एक क्षण काहीच होत नाही आणि नंतर सगळी ताकद एकदम येते. काही गाड्यांमध्ये हे जाणवतही नाही, काहींमध्ये चांगलं खटकतं. भर चौकात गाडी मध्येच घुटमळणं हे गैरसोयीचं तर आहेच पण धोक्याचंही आहे, म्हणून याला मी शून्य सूट देतो.

हे सगळं इंजिन थंड असताना एकदा आणि ड्राइव्ह संपताना, सगळं तापल्यावर, परत एकदा करा. क्लच तापला की स्वभाव बदलतो.

पायरी ६: आता जोरात, पण मोकळ्या आणि कायद्याने परवानगी असलेल्या जागी

इथे मिलिसेकंदांचा हिशोब करून टाकू. ड्युअल क्लच साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याच्या आत बदलतो, चांगला टॉर्क कन्व्हर्टर २०० च्या आसपास, ताशी १०० वेगाला एक दशांश सेकंदात गाडी तीन मीटरपेक्षाही कमी जाते, आणि त्या वेळात ताकद दोघांतही पूर्ण तुटत नाही. ट्रॅकवर घड्याळ लावून पळणाऱ्याला हे मोलाचं आहे, बाकी कोणाला त्यासाठी गाडी बदलावी असं वाटायला नको.

फरक कळतो तो खालचे गिअर टाकताना. जोरात ब्रेक लावून डावं पॅडल पटापट तीनदा ओढा. ड्युअल क्लच प्रत्येक ओढीला एक कोरा, वेगळा गिअर देतो, प्रत्येक वेळी इंजिनाचा आरपीएम चढलेला ऐकू येतो, हा आनंद खरा आहे आणि तो आकड्यात मांडता येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पहिली ओढ चटकन, तिसरी थोडी मागे राहू शकते. उलट सगळ्यात वरच्या गिअरमध्ये आरामात चाललाय आणि एकदम पाय पूर्ण दाबला तर बाजी पलटू शकते. ८एचपी आठव्यातून थेट दुसऱ्यात येऊ शकतो, ड्युअल क्लचला सातव्यातून तिसऱ्यात जायचं तर दोन्ही एकाच शाफ्टवर, म्हणून मध्ये वेळ जातो. ओव्हरटेक करताना तुम्ही पॅडल वापरणार की नुसता पाय दाबणार, यावर तुम्हाला कोणता बरा वाटेल ते अवलंबून आहे.

मॅन्युअल मोडमध्ये रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेला, पोचल्यावर गाडी गिअर धरून ठेवते की स्वतःच वरचा टाकते, हेही बघून घ्या, वळणाच्या मध्यात नको असलेला गिअर बदल कोणालाच आवडत नाही.

पायरी ७: सेकंडहँड असेल तर

तेल बदलल्याचे कागद मागा, इंजिनचे नव्हे, गिअरबॉक्सचे. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या वेट डीएसजीला दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर लागतो, ते चुकवलेलं असेल तर तिथेच थांबा. पोर्शे ९११ च्या पीडीकेमध्ये क्लचचं तेल वेगळं आणि गिअरचं वेगळं, दोन्हीची नोंद बघा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांना कार कंपन्या अनेकदा लाइफटाइम ऑइल असं लिहितात, पण झेडएफ स्वतः वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं असं सांगते, गिअरबॉक्स ज्याने बनवला त्याचं ऐकावं.

स्कॅनर लावून ड्युअल क्लचच्या अॅडॅप्टेशनचे, म्हणजे झिजेनुसार कॉम्प्युटरने स्वतः जुळवून घेतलेले, आकडे वाचता येतात, त्यावरून क्लच किती झिजलाय याचा अंदाज येतो, काही गाड्या लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून पूर्ण जोरात निघायची सोय, किती वेळा वापरला तेही मोजून ठेवतात. एवढं करणारा मेकॅनिक मिळेपर्यंत व्यवहार पुढे ढकला. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये साधारण ताशी ५० ते ८० ला हलक्या पायाने एकसारखं चालवताना रस्त्यावरच्या खरबरीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते का बघा, ती बरेचदा लॉकअप क्लचची तक्रार असते आणि कधी नुसत्या तेलबदलाने जाते, कधी कन्व्हर्टर काढावा लागतो.

एक छोटी गोष्ट, बीएमडब्ल्यूच्या एम डीसीटी गाड्यांच्या लिव्हरवर पी नसतो. गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं की पार्क लागतो. न्यूट्रलमध्ये ठेवून उतरलात तर गाडी मोकळी राहील, चढावर तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

पायरी ८: घेतल्यावरच्या सवयी

ड्युअल क्लच असेल तर चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं बटण) वापरा. गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे इंचाइंचाने सरकण्यापेक्षा थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदाच निघा, क्लच एकदा पूर्ण धरला की तो तापत नाही. सिग्नलला न्यूट्रल करायची गरज नाही, ब्रेक नीट दाबलेला असेल तर क्लच तसाही सुटलेला असतो. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर बाजूला थांबा, पी मध्ये इंजिन चालू ठेवा म्हणजे तेल फिरत राहील.

दोन्ही प्रकारांत गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी चा आर करू नका, आणि उतारावर लावताना आधी पार्किंग ब्रेक, मग ब्रेक पेडल हळूच सैल करून वजन त्यावर येऊ द्यायचं, मग पी, नाहीतर सगळं ओझं आतल्या छोट्या खिळीवर येतं आणि सकाळी पी मधून काढताना धाडकन आवाज होतो.

लाँच कंट्रोल वापरायचाच असेल तर आधी गाडीच्या पुस्तकातला क्रम वाचा, साधारण स्पोर्ट मोड, डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजवा पूर्ण दाबून आरपीएम स्थिर झाला की ब्रेक सोडायचा. ब्रेक धरून आरपीएम चढवून दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहू नका, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तर त्या वेळात इंजिनाची सगळी ताकद फक्त तेल तापवत असते. एका लाँचनंतर दुसरा लगेच घेऊ नका, मध्ये पाच-दहा मिनिटं शांतपणे चालवा, वेट क्लचमधली उष्णता तेल आणि कूलरमधून बाहेर जायला तेवढा वेळ द्यावाच लागतो, आणि ट्रॅकवरून परत येताना शेवटचा लॅप वरच्या गिअरमध्ये, ब्रेक न वापरता जमेल तेवढा हळू काढा.